मुंबईला हलवण्याआधी

आमच्या वसई-विरारकडे घरातलं माणूस गंभीर झालं की 'काय झालंय?' हा प्रश्न मागे पडतो आणि 'मुंबईला कधी न्यायचं?' हा पुढे येतो. त्याला कारण आहे. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या माणसाचा मोठा दवाखाना खाडीपलीकडेच होता. ताप, बाळंतपण, मोडलेलं हाड इथे निभायचं. त्यापुढचं काही झालं की बोरिवली, नाहीतर थेट नायर आणि केईएम. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. त्यानंतर ती किती वाढली, हे सकाळच्या विरार लोकलमध्ये चढणाऱ्याला वेगळं सांगायला नको. एवढ्या काळात इथेही आयसीयू झाले, सीटी स्कॅनची यंत्रं आली. सवय मात्र तीच राहिली आणि मधला रस्ता पूर्वीपेक्षा वाईट झाला.

२०२५ च्या जुलैअखेरीस सफाळ्याकडच्या एका महिलेच्या अंगावर झाडाची फांदी पडली. तिला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नेत असताना अँब्युलन्स महामार्गाच्या कोंडीत काही तास अडकली. मीरा रोडला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. ती बातमी वाचून आपण सगळ्यांनी रस्त्याला शिव्या घातल्या, आणि त्या घातल्याच पाहिजेत. पण निघायचं की नाही, निघायचं तर कोणत्या तयारीने, हे पुष्कळदा आपल्याच तोंडून ठरतं, आणि ते कसं ठरवावं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

मी डॉक्टर नाही. नात्यातल्या, शेजारच्या माणसांसाठी आयसीयूच्या दाराबाहेर ज्या रात्री काढल्या, त्यांतून, डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे हाती लागलं, ते सांगतो आहे.

सगळ्यांत आधी एक समज काढून टाका: मोठं रुग्णालय गाठलं की माणूस वाचतो. अत्यवस्थ रुग्णावर जगभर झालेल्या संशोधनाचा कल वेगळंच सांगतो. पहिल्या काही तासांत जीव वाचतो तो साध्या गोष्टी जवळच्या जवळ आणि वेळेवर झाल्याने. याचा दाखला आपल्या कोकणातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल विंचू चावलेली मुलं पाहिली. विष उतरल्यासारखं वाटायचं आणि काही तासांत फुप्फुसात पाणी होऊन मूल दगावायचं. तिथे ना आयसीयू, ना व्हेंटिलेटर. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले. या विषाने शरीरात नेमकं काय होतं ते त्यांनी ओळखलं आणि प्राझोसिन नावाची रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरायला सुरुवात केली. शंभरातले चाळीसेक रुग्ण जिथे जात होते, तिथे मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकाने त्यांचं काम छापलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे सगळं घडलं ते एका खेड्यातल्या खाटेवर.

आता तुमच्या प्रसंगाकडे येऊ. डॉक्टर म्हणतात, "पेशंट सिरियस आहे, हायर सेंटरला न्यायचं तर बघा." फोनवर मेहुणे एक सांगतात, मावसभाऊ दुसरंच. अशा वेळी डॉक्टरांना बाजूला घेऊन शांतपणे विचारा: "इथे नेमकं काय नाही, जे तिथे मिळणार आहे?" उत्तर नेमकं आलं, म्हणजे मेंदूची शस्त्रक्रिया करणारा सर्जन नाही, लहान बाळासाठी व्हेंटिलेटर नाही, डायलिसिस नाही, तर न्यायला अर्थ आहे. उत्तर गुळमुळीत आलं, तर थोडं थांबा. पुढचा प्रश्न: "आत्ता रक्तदाब स्वतःचा आहे की औषधावर?" नॉरअ‍ॅड्रेनालिनसारख्या औषधाच्या पंपावर दाब टिकलेला असेल, तर तो पंप, त्याची बॅटरी आणि तो चालवू शकणारा माणूस हे तिन्ही गाडीत हवेत. तिसरा: "श्वासाची नळी निघण्याआधी टाकावी लागेल का?" रुग्ण दमत चालला असेल तर नळी रुग्णालयाच्या उजेडात, तयारीने टाकलेली बरी. पेल्हारच्या पुढे हलत्या गाडीत ती टाकायची वेळ येऊ नये.

तिकडे बेड आहे का, हे ओळखीच्या माणसाला विचारू नका. इथल्या डॉक्टरांना तिथल्या डॉक्टरांशी बोलायला सांगा आणि कोणी होकार दिला त्याचं नाव कागदावर लिहून घ्या. 'या, बघू' हा होकार नव्हे.

अँब्युलन्स आली की चढण्याआधी ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा बघा. हे कुणीही करू शकतं. अँब्युलन्समध्ये बहुधा मधल्या आकाराचा, 'बी टाइप' सिलिंडर असतो. भरलेला असताना त्यात साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला दहा लिटर लागत असेल तर तो अडीच तास पुरतो. काटा निम्म्यावर असेल तर सव्वा तास. आता विरार फाट्यापासून वरसावे पुलापर्यंत संध्याकाळी किती वेळ लागतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. हिशेब जिथल्या तिथे करा, दुप्पट वेळ धरून करा, आणि दुसरा सिलिंडर गाडीत ठेवूनच निघा. बरोबर कोण येतंय तेही विचारा. नुसता ड्रायव्हर आणि मदतनीस असेल, तर ती अँब्युलन्स कितीही चकाचक असो, गंभीर रुग्णासाठी ती गाडीच आहे. १०८ ची सेवा मोफत आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो; ती यायला वेळ लागेल असं वाटलं तरी आधी तो नंबर फिरवाच.

हृदयविकाराच्या झटक्यात वेळेचा हिशेब आणखी कडक आहे. रक्तवाहिनी उघडायला अँजिओप्लास्टी उत्तम, पण ती साधारण दोन तासांच्या आत होणार असेल तर. ते शक्य नसेल तर गाठ विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या रुग्णालयातच द्यावं आणि मग हलवावं, असं जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे. तामिळनाडूत हीच पद्धत बसवून पाहिली: छोट्या रुग्णालयात ईसीजी आणि इंजेक्शन, मग मोठ्या रुग्णालयात अँजिओग्राफी. वर्षभरातल्या मृत्यूंचं प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ वर आलं. तेव्हा छातीत दुखू लागलेल्या माणसाला गाडीत घालून सरळ अंधेरी गाठायचा हट्ट धरू नका. नजीकच्या रुग्णालयात दहा मिनिटांत ईसीजी काढा, आणि डॉक्टरांना विचारा, "इथून अँजिओप्लास्टीच्या टेबलापर्यंत दोन तासांत पोचू का? नाहीतर इंजेक्शन इथेच देता येईल का?" पक्षाघाताचंही तसंच. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर जिथे सीटी स्कॅन आहे तिथे जा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा. गाठ विरघळवायचं औषध बहुधा साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि डॉक्टर आधी हाच प्रश्न विचारतात.

पावसाळ्यात आपल्याकडे गंभीर रुग्ण येतात ते तापाचे: लेप्टो, डेंग्यू, मलेरिया, न्यूमोनिया. संसर्ग रक्तात भिनून दाब कोसळला असेल, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात जायला हवा. शक्य असेल तर त्याआधी कल्चरसाठी, म्हणजे जंतू कोणता ते शोधण्यासाठी, रक्त घ्यायचं, पण त्यापायी डोस अडकवायचा नाही. मुंबईला जायचं ठरलं असलं, तरी तो डोस इथेच घेऊन निघा. आणि दोन-तीन बाटल्या सलाइन चढवायचा आग्रह आपण धरतो, तो सोडा. २०११ मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानियात ३,१४१ अत्यवस्थ मुलांवर झालेल्या अभ्यासाने डॉक्टरांनाच धक्का दिला: शिरेतून भराभर पाणी दिलेल्या मुलांत मृत्यू जास्त झाले, सावकाश दिलेल्यांत कमी. डेंग्यूतही सलाइन मोजून, तपासून द्यावं लागतं. 'अजून एक बाटली लावा ना' हे नातेवाइकांचं वाक्य कधी कधी रुग्णाला महाग पडतं.

आयसीयूत दाखल झाल्यावर आपली धावपळ कुठे वाया जाते, ते २०२१ च्या उन्हाळ्यातल्या कोविडच्या लाटेने दाखवलं. प्लाझ्मासाठी ब्लड बँकांबाहेर रात्ररात्र उभे राहिलेले, दागिने मोडलेले लोक मी पाहिले आहेत. त्याआधीच, २०२० मध्ये, आयसीएमआरने देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर प्लाझ्माची चाचणी घेतली होती आणि त्याने मृत्यू टळत नाहीत हे छापून आलं होतं. मे २०२१ मध्ये तो सरकारी मार्गदर्शक सूचनांतूनही वगळला गेला. ज्याने खरोखर फरक पडला ते डेक्सामेथासोन. हे जुनं, काही रुपयांत मिळणारं इंजेक्शन; ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने घटवले. तेव्हा कुणी महागडं इंजेक्शन 'बाहेरून आणा' म्हणालं, तर आणायला धावण्याआधी विचारा: "हे नाही मिळालं तर काय होईल?" चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही.

आयसीयूच्या उपचारांत गेल्या पंचवीस वर्षांत जे मोठे शोध लागले, त्यांतले कितीतरी 'कमी करा' असं सांगणारे आहेत. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात व्हेंटिलेटरने फुप्फुसात कमी हवा भरली तेव्हा मृत्यू जवळपास ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. गुंगीचं औषध रोज थोडा वेळ थांबवलं तर व्हेंटिलेटर लवकर सुटतो, हेही त्याच सुमारास दिसलं. २०१३ मध्ये फ्रान्समध्ये दिसलं की फुप्फुसं फार बिघडलेल्या रुग्णाला दिवसातले सोळा तास पालथं झोपवल्याने मृत्यू निम्म्यावर येतात. पालथं झोपवायला नवं यंत्र लागत नाही, चार-पाच जाणते हात लागतात. म्हणून रुग्णालय निवडताना यंत्रांची यादी विचारू नका. विचारा, "रात्री दोन वाजता आत कोण असतं? किती पेशंटमागे एक सिस्टर असते?" व्हेंटिलेटरवरच्या रुग्णापाशी एक परिचारिका हवी. आयसीयूची सुरुवातच माणसांच्या हातांनी झाली. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी टाकून रबरी पिशवी हाताने दाबत रुग्णांना श्वास द्यायला सुरुवात केली. शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे त्या पिशव्या दाबत बसले.

बाहेर बसणाऱ्याने काय करावं? शंभर पानी वही घ्या. मी पाहिलेल्या सगळ्यांत नीट वही एका सुनेची होती, माणिकपूरच्या. डाव्या पानावर तारीख, वेळ, कोणते डॉक्टर बोलले, काय बोलले. उजव्या पानावर उद्या विचारायचे तीन प्रश्न. सासऱ्यांना पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे, हे पहिल्याच पानावर लाल शाईने. पाचव्या दिवशी ड्यूटी बदलली, नवे डॉक्टर आले, आणि ते लाल अक्षरांतलं वाक्य कामी आलं. डॉक्टरांशी बोलायला घरातला एकच माणूस ठरवा, तो रोज एकाच वेळी भेटेल. सहा नातेवाइकांनी सहा वेळा विचारलं की सहा वेगवेगळी उत्तरं घरी जातात आणि संशय वाढतो. औषधं, आधीचे आजार, जुने रिपोर्ट एका पिशवीत ठेवा. आत जाताना हात धुवा, येताना धुवा. आणि हो, बोला रुग्णाशी. गुंगीत असला तरी नाव घेऊन, वार-तारीख सांगून बोला. भ्रम होऊन माणूस सैरभैर होतो, त्याला ओळखीच्या आवाजाचा आधार लागतो.

एक गोष्ट विरारकरांना तरी विसरता येणार नाही. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या आयसीयूला आग लागली. त्या पहाटे १३ रुग्ण गेले, पुढे आकडा वाढला. ती माणसं उठून पळू शकत नव्हती. ज्या मजल्यावर आपला माणूस आहे तिथून बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे, त्या दाराला कुलूप आहे का, जिन्यात खोकी रचली आहेत का, हे पहिल्याच दिवशी चालत जाऊन बघा. कुलूप दिसलं तर व्यवस्थापनाला लेखी कळवा, पोच घ्या. यात संकोच नको.

एखाद्या मोठ्या रुग्णालयात तुम्हाला संशोधनात सहभागी व्हाल का असं विचारतील. घाबरून नाही म्हणू नका, गोंधळून हो म्हणू नका. नैतिकता समितीची मंजुरी आहे का, नेहमीच्या उपचाराहून वेगळं काय होणार, इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, हे मराठीत लिहिलेल्या पत्रकात असलं पाहिजे. नकार दिला म्हणून उपचारात उणं करता येत नाही. वर सांगितलेल्या कितीतरी गोष्टी कळल्या त्या कुणाच्या तरी नातेवाइकाने अशाच रात्री सही केली म्हणून.

पैशाबद्दल थोडक्यात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रुग्णालय बसतं का, हे दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नाही. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. तातडीच्या रुग्णावर आधी उपचार, बाकी सगळं नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे. आणि रागाच्या भरात 'डामा'वर, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला नेत असल्याच्या कागदावर, सही करून रुग्णाला उचलू नका. त्या कागदाचा अर्थ पुढची जबाबदारी तुमची असा होतो. सल्ल्याने झालेलं रेफरल वेगळं असतं, त्याच्यासोबत उपचारांचा सारांश मिळतो.

सगळ्यांत अवघड बोलणं शेवटी ठेवलं आहे. हृदय थांबलं तर छाती दाबून ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्न होतो, त्याला सीपीआर म्हणतात. सिनेमात तो बहुतेकदा यशस्वी होतो. प्रत्यक्षात, अमेरिकेतल्या चांगल्या रुग्णालयांतही आत हृदय थांबलेल्या चार-पाच जणांपैकी एकच घरी जातो. आणि शेवटच्या टप्प्यातल्या कर्करोगात किंवा सगळे अवयव थकलेल्या वृद्धात तर फारच थोडे. म्हणून डॉक्टर कधी कधी विचारतात, "हृदय थांबलं तर सीपीआर करायचा का?" हा प्रश्न म्हणजे हात वर करणं नव्हे. आयसीएमआरने २०२० मध्ये याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत, आणि सीपीआर नको असं ठरलं तरी बाकीचे उपचार, वेदनाशमन, काळजी सगळं चालू राहतं. तुमच्या मनाला प्रश्न एकच विचारा: मला काय हवंय ते बाजूला ठेवून, आई शुद्धीवर असती तर काय म्हणाली असती? ते आधीच विचारून, लिहून ठेवता येतं. ९ मार्च २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने असं इच्छापत्र मान्य केलं, आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. या वाटेवर आपल्याला आणणारी पहिली लढाई मुंबईच्या केईएममध्ये ४२ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांच्या नावाची होती.

रुग्णालयाबाहेर, घरात किंवा फलाटावर कुणी कोसळलं, तर मात्र विचार करत बसायचं नाही. हाक मारा, खांदे हलवा. प्रतिसाद नाही आणि श्वास नाही किंवा नुसते आचके आहेत, तर १०८ ला कुणाला तरी फोन करायला सांगा आणि छातीच्या मधोमध हाडावर एका तळहातावर दुसरा ठेवून, कोपर ताठ ठेवून दाबा: पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला सुमारे १२० वेळा, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. तोंडाला तोंड लावायची गरज नाही. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य माणसासाठी ठरवलेली 'कोल्स' पद्धत एवढीच आहे, आणि ती बाहुल्यावर तासा-दीड तासात शिकता येते. या वर्षी गणपतीच्या मंडपात, सोसायटीच्या गच्चीवर, चर्चच्या हॉलमध्ये एक संध्याकाळ त्यासाठी ठेवा. जवळच्या रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञांना आजच विचारा.